लाकडी कावळा आणि सोळा चात्या

त्या सोमवारी लेटीच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. सोमवारी मागवाले विणकर मागाला हात लावत नसत. रविवारची उतरायला आणखी एक दिवस हवाच, असा लँकशायरमधल्या त्या गावाचा अलिखित कायदा होता. त्यामुळे बायका होत्या, पोरे होती आणि बिअरचे मग सांभाळत उभे असलेले पुरुषही होते. सगळ्यांच्या मधोमध इझिकेल ग्रिमशॉ नावाचा मांत्रिक उभा होता. त्याच्या बोटाला दोरा बांधलेला होता आणि दोऱ्याला एक काळा लाकडी कावळा लटकत होता.

"श्वास रोखा!" ग्रिमशॉ म्हणाला. "हा असातसा कावळा नव्हे. नोहाच्या तारवाच्या फळीतून कोरलेला आहे. महापुरात नोहाने एक कावळा बाहेर सोडला, तो काही परत आला नाही. का नाही आला? पाद्री सांगेल तुम्हाला? नाही सांगणार! तो सैतानाच्या मागावर गेला. हा त्याचा सख्खा भाऊ!"

"पाखराचा भाऊ लाकडाचा?" लोहार अमोस पुटपुटला. शेजारच्या बाईने त्याच्या बरगडीत कोपर खुपसले.

ग्रिमशॉने कावळा बायबलवर धरला. कावळा ढिम्म. म्हाताऱ्या मॅगच्या डोक्यावर धरला, तरी ढिम्म. मॅगने सुटकेचा निःश्वास टाकला. बहुधा तिलाच खात्री नव्हती. मग त्याने डोर्कसच्या हातातल्या सुताच्या लडीवर धरला. तिथेही कावळा हलला नाही.

"हे सूत स्वच्छ आहे," ग्रिमशॉ म्हणाला. "माणसाच्या बोटांतून उतरलंय."

डोर्कसची मान ताठ झाली. किती दिवसांनी तिच्या सुताबद्दल चारचौघांत कुणी बरा शब्द काढला होता!

शेवटी तो खिडकीजवळच्या जेनीकडे वळला. जेनी म्हणजे सूत कातायचे यंत्र: पलंगाएवढी लाकडी चौकट, बाजूला एक मोठे चाक आणि समोर ओळीने उभ्या केलेल्या, सूत पिळणाऱ्या सोळा लोखंडी चात्या. एक बाई एका हाताने चाक फिरवी आणि सोळा पेळूंचे सोळा धागे एकदम निघत. ग्रिमशॉने कावळा चात्यांच्या ओळीवर नेला. कावळा थरथरला, गर्रकन वळला आणि त्याने चोच खाडकन खाली घातली.

बायका किंचाळल्या. एकाच्या मगातली बिअर दुसऱ्याच्या पाठीवर सांडली.

"सोळा!" ग्रिमशॉ गरजला. "एकेका चातीत एकेक, असे सोळा सैतान!"

कोपऱ्यात हाताची घडी घालून लेटी उभी होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. नवरा कापड घेऊन ब्लॅकबर्नच्या बाजाराला गेला होता. तिच्या बाजूने बोलणारे घरात कुणी नव्हते. सख्खी थोरली बहीण डोर्कस होती, पण ती समोर उभी राहून मनातल्या मनात म्हणत होती, बरे झाले, चांगली खोड मोडली.

ही जेनी आली त्या दिवसापासून डोर्कसच्या पोटात दुखत होते. ती विधवा बाई, गल्लीच्या पलीकडे एकटी राहत होती आणि तिच्याइतके बारीक, एकसारखे सूत आसपासच्या गावांत कुणी काढत नसे. मागवाले तिच्या दारात येऊन अजिजी करीत. लेटीचे सूत मात्र लहानपणापासून गाठीगाठींचे, जाडेभरडे. आई म्हणायची, लेटीच्या सुताने गाय बांधावी. ह्याच लेटीच्या नवऱ्याने शहरात कुठेतरी जेनी पाहिली आणि तशीच सुताराकडून करवून घेतली. तेव्हापासून मागवाले लेटीच्या दारात. सूत डोर्कसच्या तोडीचे नव्हते, पण ढिगाने होते, आणि भुकेला माग सुताची जात विचारीत नाही. दिवसभर गल्लीपलीकडून चाकाची घरघर येई. डोर्कस खिडकी लावून घेई आणि बंद खिडकीतूनही ऐकत बसे.

एकदा विहिरीवर ती सहज बोलून गेली होती, "दोन हातांच्या बाईचे सोळा धागे? हे लक्षण काही चांगलं नव्हे." एवढेच. पण गावात फिरून तो शब्द तिच्याकडे परत आला तेव्हा त्याला शिंगे आणि शेपूट फुटलेली होती. डोर्कसने ती शिंगे काही कापली नाहीत. उलट तिला रात्री जरा बरी झोप लागली. आठवडाभरात ग्रिमशॉ गावात हजर झाला.

"हातोडा आणा!" मागून कुणीतरी ओरडले. "खिळखिळी करा ती!"

डोर्कसच्या अंगावर रोमांच उभे राहिले. हेच पाहायला ती आली होती.

"थांबा, मूर्खांनो!" ग्रिमशॉने दोन्ही हात पसरले. "मोडलीत तर सोळाही मोकळे सुटतील. कुणाच्या घरात शिरतील, सांगता येतं? तुझ्या? का तुझ्या?" ज्याच्या ज्याच्याकडे बोट गेले तो तो एक पाऊल मागे सरकला. "ही अशीच्या अशी, अखंड, डोंगरावरच्या तळ्यात बुडवावी लागेल. ते काम माझं. माझी गाडी बाहेर उभीच आहे. मला काही नको. घरटी एक शिलिंग तेवढा द्या, तोही माझ्यासाठी नव्हे, कावळ्याच्या शुद्धीसाठी."

"कावळ्याला शिलिंग कशाला लागतो?" अमोसने विचारले.

"तुझ्यासारखे शंकेखोर असतात ना गावोगावी, त्यांचा विटाळ धुवायला."

लोक हसले आणि खिसे चाचपून शिलिंग काढून देऊ लागले. ग्रिमशॉने कावळा खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि तो कामाला लागला. गाडीतून पेंढा आणला, दोन जाड घोंगड्या आणल्या. चाकावरची दोरी अलगद उतरवून गुंडाळून ठेवली. चात्यांना लोकरीच्या चिंध्या बांधल्या. चौकटीवरची कापसाची धूळ स्वतःच्या बाहीने पुसली आणि चाकाच्या कडेवरून एकदा हळूच बोट फिरवले.

डोर्कस पाहत होती. तिला मोडतोड हवी होती आणि इथे हा माणूस लेकीला सासरी पाठवावे तशी बांधाबांध करत होता. तिचे पित्त खवळले. बुडवायच्या वस्तूला घोंगडी कशाला? मग ग्रिमशॉने मान वर केली आणि जेनीकडे एक नजर टाकली. ती नजर डोर्कसने लगेच ओळखली. भीती नव्हती तिच्यात, किळस नव्हती. हे माझे असते तर, एवढेच होते. गल्लीपलीकडच्या खिडकीतून डोर्कस रोज ह्याच नजरेने पाहत होती. तिला कोण फसवणार?

"बुडवायची आहे ना?" ती मोठ्याने म्हणाली. "मग चात्यांना लोकर कशाला बांधता?"

"सैतान खडखडू नयेत म्हणून, बाई."

"आणि धूळ?"

"ज्यातलं कळत नाही, त्यात बोलू नये," ग्रिमशॉ हसून म्हणाला.

"चात्या आणि कापूस, ह्याखेरीज मला दुसरं काहीच कळत नाही," डोर्कस म्हणाली आणि तिने खुर्चीवरचा कावळा उचलला.

"खाली ठेव! अपवित्र हाताला जाळील तो!"

"जळायचं ते केव्हाचंच जळतंय."

कावळा हातात जड लागला, नुसत्या लाकडाला नसते इतका जड. ग्रिमशॉ हिसकावून घ्यायला धावला म्हणून ती चुलीकडे सरकली. तेवढ्यात दोऱ्यावरचा कावळा झुलला आणि चुलीपाशी टेकवलेल्या चिमट्याला टक्क करून चिकटला.

डोर्कसने ओढला, तसा सुटला. सोडला, पुन्हा चिकटला.

"चिमट्यात कितवा सैतान?" अमोसने विचारले. ह्या वेळी त्याला कुणी कोपर मारले नाही.

"तिथून इथे उडी मारली त्याने!" ग्रिमशॉ घाईने म्हणाला. "तुम्ही घाबरवलंत त्याला!"

डोर्कसने चिमट्यावरून कावळा ओढून काढला. कावळा घेऊन ती गल्ली ओलांडून आपल्या घरात गेली. चरख्याची चाती काढून बाहेर आली, तोवर सगळे गाव गल्लीत उतरले होते. तिने सगळ्यांसमोर कावळा आपल्या चातीवर धरला. कावळ्याने चोच खाली घातली.

मग म्हातारी मॅग मागे सरत म्हणाली, "डोर्कस, अगं तूसुद्धा?"

"दोघी!" ग्रिमशॉला जणू घबाड मिळाले. "दोघी बहिणी सामील! हिने एक पाळला, तिने सोळा! आता ह्या बाईचा चरखाही गाडीत चढवा!"

दोन माणसे खरोखरच तिच्या दाराकडे निघाली. आत्तापर्यंत ह्या गर्दीचे तोंड लेटीकडे होते; ते आपल्याकडे वळले की कसे वाटते, हे डोर्कसला आता कळले. दार अडवून ती उभी राहिली. वर चौकटीला घोड्याची नाल ठोकलेली होती, गावातल्या प्रत्येक दारावर होती तशीच.

"मॅग," ती म्हणाली, "ही नाल कशासाठी असते गं?"

"आता हेही मी सांगू? नाल असली की सैतान उंबरठा ओलांडत नाही. लहान पोरालाही ठाऊक आहे."

"मग बघा."

डोर्कसने हात उंच करून कावळा नालेसमोर धरला. कावळा दोऱ्यावर पुढे झुलला आणि चोचीने नालेला जाऊन चिकटला. डोर्कसने दोरा सोडून दिला, तरी तो तिथेच लटकत राहिला.

"आता बोला," डोर्कस म्हणाली. "ज्या नालेला सैतान घाबरतो तिच्यातही सैतान? मग सगळ्या गावाची दारं काढा आणि चढवा ह्याच्या गाडीत. नालेत सैतान नसेल, तर चातीतही नाही. चिमटा, चाती, नाल. अमोस, तू लोहार आहेस. ह्या तिघांत सारखं काय आहे?"

"लोखंड," अमोस म्हणाला. "दुसरं काय असणार?"

त्याने कावळा ओढून काढला, दगडावर ठेवला आणि हातोड्याचा एक ठोका दिला. नोहाच्या तारवाची दोन शकले झाली. डोक्यात मेण भरलेले होते आणि मेणात सुपारीएवढा काळा दगड होता. अमोसने खिशातला खिळा जवळ नेला. खिळा उडी मारून चिकटला.

"चुंबक आहे. खलाशांच्या होकायंत्रात ह्याचाच गुण असतो. बायबलला लोखंड नाही, मॅगच्या डोक्यात लोखंड नाही, सुताच्या लडीत नाही. म्हणून तिथे हा गप्प."

"आणि जेनी?" एकाने विचारले.

"तळ्याचा रस्ता त्या बाजूला," डोर्कस म्हणाली, "आणि ह्याच्या गाडीचं तोंड आहे बाजाराच्या बाजूला. हा ती बुडवणार नव्हता. विकणार होता."

ग्रिमशॉ पळायच्या बेतात होता, पण सोमवारच्या मागवाल्यांना दुसरा उद्योग नव्हता. त्यांनी त्याच्याकडून सगळे शिलिंग काढून घेतले, जेनी पुन्हा होती तिथे सरकवून घेतली आणि मगच त्याला सोडले. जाताना एकाने त्याला कावळ्याचा अर्धा तुकडा प्रवासखर्चासाठी दिला.

गर्दी मात्र पांगेना. म्हातारी मॅग जेनीकडे बोट दाखवून म्हणाली, "सैतान नसेल. पण माझा चरखा चार दिवस झाले रिकामा आहे, त्याचं काय? पोटावर पाय तर पडलाच ना आमच्या?"

"पडला," डोर्कस म्हणाली. "माझ्याही पडला. मग तसं म्हणा ना! सूत विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांना जाऊन सांगा, मागवाल्यांना सांगा, चारचौघांत भांडा. ते भांडण खरं आहे, त्याला कुणीतरी उत्तर देऊ शकेल. सैतानाशी भांडलात तर मध्ये ग्रिमशॉच उभा राहणार, शिलिंग मागत." ती जरा थांबली. "विहिरीवर पहिल्यांदा बोलले ती मी. मला कुठलाही सैतान दिसला नव्हता. ह्या पोरीची भरभराट मला बघवत नव्हती. अजूनही बघवत नाही."

असे कुणी उघड बोलले की लोकांना पायाकडे पाहावे लागते. एकेक करून सगळे निघून गेले. लेटीच्या दारात दोघी बहिणी उरल्या.

लेटीच्या डोळ्यांत पाणी होते, पण ते कृतज्ञतेचे नव्हते. "ताई, ते तुझं बोलणं होतं? माझं घर आज उद्ध्वस्त झालं असतं."

"हो."

"एकदा येऊन म्हणाली असतीस, मला शिकव म्हणून."

"शिकवलं असतंस?"

लेटीने नाक पुसले. "नसतं शिकवलं," ती म्हणाली. "आयुष्यभर तुझ्या सुताची वाखाणणी ऐकली मी. पहिल्यांदाच तुझ्या पुढे गेले होते."

डोर्कसला राग यायला हवा होता, पण तिला हसू फुटले. लेटी हसली नाही. तिने दार मात्र लावले नाही. आत जाऊन ती जेनीच्या चात्यांवरच्या चिंध्या सोडू लागली आणि थोड्या वेळाने डोर्कसही आत गेली व दुसऱ्या टोकाकडून सोडू लागली.

वाचकहो, चुंबक ओळखणे सोपे आहे, एक खिळा पुरतो. पण त्या स्वयंपाकघरात खिळ्यांना काही तोटा नव्हता आणि लोकही अडाणी नव्हते. त्यांना निकाल आवडला होता, म्हणून कुणी परीक्षा घेतली नाही. तेव्हा कुणी चमत्कार दाखवू लागला, तर तो कसा केला हे जरूर विचारा. आणि त्या चमत्काराने नेमका तोच माणूस दोषी ठरवला, ज्याचे बरे झालेले आपल्याला सोसत नाही, तर परीक्षा दोनदा घ्या.