खिशातले फ्यूज

दुपारी दोनला वीज प्रशिक्षण केंद्राची लाईन गेली. पावणेतीनला तक्रार कक्षातला फोन वाजला.

"लाईन गेलीय," पलीकडून परीक्षक साहेब बोलले. "रस्त्यावर आहे, समोरच्या दुकानात आहे, फक्त आमच्याकडे नाही. चाचणीचे गुण भरायचेत आणि कॉम्प्युटर बंद."

"माणूस पाठवतो, साहेब," कक्षातले काका म्हणाले आणि त्यांनी तक्रार टिपून घेतली.

काका पूर्वी लाईनमन होते. एकदा ते खांबावर असताना खाली कुणीतरी परस्पर फ्यूज बसवला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून ते फोनवर. फोन करणाऱ्यांच्या तोंडी सगळीच लाईन. "लाईन कधी येणार?" म्हणजे वीज. "तुमची लाईन लागतच नाही," म्हणजे हाच फोन. एक आजी बिल भरायला निघण्याआधी विचारायच्या, "आज लाईन मोठी आहे का रे?" घरी बायको म्हणायची, "या लाईनीत तुम्हाला काय मिळालं? आठ बोटं." मुलीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची.

मुलीनं तीच लाईन धरली. खांब चढण्याच्या चाचणीत ती एकदा नापास झाली होती. आजची दुसरी आणि शेवटची, कारण पुढच्या भरतीला तिचं वय बसणार नव्हतं. चाचणी संपवून ती थेट कक्षात आली होती आणि टेबलापलीकडे डबा उघडून बसली होती.

"नीट सांग. काय झालं?" काकांनी विचारलं.

"सांगितलं ना बाबा. वेळ जास्त लागला."

"चढायला?"

"चढायला नाही. त्याआधी. लाईन बंद करण्यात."

खिडकीपाशी चहा पीत उभा असलेला लाईनमन वळला. रात्रंदिवस टॉर्च घेऊन हिंडतो म्हणून त्याला सगळे बॅटरी म्हणत. "अगं खारूताई, मैदानातल्या त्या खांबाला कधी करंट असतो का? नुसती तार ओढून ठेवलीय. शेंबडं पोरही चढेल."

"चढलेच सगळे. मी शेवटची होते. पण बाबा म्हणतात, बंद आहे असं कुणी सांगितलं तर लाईन चालूच समजायची. फ्यूज आपण काढायचे, आपल्याच खिशात ठेवून वर जायचं."

"मग काढलेस?" काका.

"आतल्या बोर्डावर तीन होते. कुठला कशाचा, लिहिलेलं नव्हतं. तिन्ही काढले. साहेब घड्याळ बघत होते."

"आणि उतरल्यावर?"

"उतरल्यावर काय! साहेब म्हणाले, जा. मी आले."

काकांनी टिपून घेतलेल्या तक्रारीकडे पाहिलं. मग मुलीच्या शर्टाच्या खिशाकडे. खिसा ओझ्यानं खाली ओढला गेला होता.

"खिशात काय आहे?"

तिनं हात घातला आणि तिचा चेहरा उतरला. चिनीमातीचे तीन पांढरे फ्यूज तिनं डब्याच्या झाकणाशेजारी ठेवले.

बॅटरीचा चहा सांडला. "परीक्षा घेणाऱ्यांचीच लाईन तोडून आली! वा रे वा!"

काका हसले नाहीत.

"संपलं," मुलगी म्हणाली. "वेळ गेला तो गेलाच, त्यात हे. बॅटरीकाका, तुम्ही नेऊन द्या ना. माझं नाव नका सांगू."

"देतो की. म्हणतो, पायरीवर सापडले."

काकांनी तिन्ही फ्यूज उचलले. तीन बोटांच्या त्या हातात ते जेमतेम मावले.

"काढले कुणी?"

"मी."

"मग बसवणार कोण?"

फ्यूज पुन्हा खिशात टाकून मुलीनं खिशाचं बटण लावलं आणि ती निघाली. डबा तसाच राहिला.

ती फाटकाबाहेर पडते न पडते तोच फोन वाजला.

"निघाला का माणूस?" साहेबांनी विचारलं.

"निघाली, साहेब. तुमची शेवटची परीक्षार्थी. फ्यूज तिच्या खिशातच राहिले. माझी मुलगी आहे."

"वर होती तेव्हा तिन्ही तिच्या खिशात होते?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"हं," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

साडेतीनच्या सुमाराला केंद्राची लाईन आली. काकांनी तक्रारीवर रेघ मारली, डब्याला झाकण लावलं. पुढचे फोन त्यांनी नेहमीसारखेच घेतले. एकाला मात्र पत्ता दोनदा सांगायला लावला.

संध्याकाळी बॅटरी केंद्रावरून जाताना निकालाचा फळा बघून आला.

"बाकी सगळ्यांपुढे पास किंवा नापास लिहिलंय," तो म्हणाला. "हिच्यापुढे दोन्ही नाही."

"मग काय आहे?"

"उद्या सकाळी भेटणे. खांबावर चढायचा बेल्ट आणणे."