झकियाच्या पट्टीवरचा समुद्र

खोटं बोलण्याचा मान आमच्या घरात माझा. लग्न होऊन या बेटावर, मेल्लिता गावात आले त्याच वर्षी मी गावभर सांगितलं होतं की आमच्या मासेमारीच्या मडक्यात सापडलेला ऑक्टोपस रोज दुपारी सासऱ्यांचा हुक्का ओढतो, आणि आठ नळ्या दिल्याशिवाय त्याचं भागत नाही. अर्धं गाव येऊन मडक्यात डोकावून गेलं. तेव्हापासून मी "पाऊस येतोय" म्हटलं तरी लोक आधी आभाळाकडं बघतात.

पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या नणंदेची आहे. यात पदरचं काही घातलेलं नाही. घातलंच असेल तर चिमूटभर.

माझी नणंद झकिया. लहानपणी गोवर आला तो डोळे घेऊन गेला. पुढं ती समुद्रापलीकडं स्फाक्स शहरात टेलिफोनच्या ऑफिसात लागली आणि केस पिकेपर्यंत लोकांचे नंबर जोडत बसली. रिटायर झाल्यावर बेटावर आमच्याकडं राहायला आली, बरोबर एक पिशवी आणि एक पत्र्याचा डबा. डबा पाहून मला वाटलं, मकरूद असतील, गोड काहीतरी. उघडला तर आत साबणाच्या वडीएवढा हिरवा तुकडा, त्यावर बारीक बारीक ठिपके, आणि वायरींचं जंजाळ.

मी विचारलं, हे काय गं? म्हणाली, कॉम्प्युटर. मी म्हटलं, मग पडदा कुठं राहिला?

"पडदा कुणासाठी, वहिनी? तुझ्यासाठी?"

नणंद ती नणंदच.

त्या वडीला तिनं एक स्पीकर जोडला. त्यातून एक माणूस नाकातून बोलायचा, आणि तेही इतकं भराभर, जशी मासळी नासायला आलीय आणि उन्हाआधी विकायचीय. झकिया बटणं दाबायची, तो आत काय काय आहे ते वाचून दाखवायचा. सगळा कारभार नखाएवढ्या एका कार्डात, आणि त्या कारभाराचं नाव लिनक्स. मला तो वहीदाच्या माहेरचा कुणी पाहुणा असावा असं वाटलेलं. वहीदा म्हणजे माझी सून.

दुसरी वस्तू होती एक लांब पट्टी. तिच्यात बारीक भोकांची रांग, आणि भोकांतून टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके वर यायचे, खाली जायचे, किर्रर्र करत. उंदीर पाव कुरतडतो तसा आवाज. तो नाकातला बोलतो तेच या पट्टीवर ब्रेल अक्षरांत बोटाला लागतं. एकदा झकियाकडून चुकून त्या माणसाचा आवाजच बंद झाला. आता मुका झालेला माणूस "मी मुका झालो" असं सांगणार कसा? मी तर त्याला कोंबड्यांच्या खुराड्यात टाकायला निघाले होते. झकियानं पट्टीवर बोटं फिरवली, काहीतरी विचारलं, काहीतरी दाबलं, आणि तो जिथं थांबला होता त्याच शब्दापासून पुन्हा सुरू. नमस्कार नाही, माफी नाही.

मग एके दिवशी तिनं लस्सादला, म्हणजे माझ्या लेकाला, गच्चीवर चढवलं आणि प्लास्टिकच्या नळीत तांब्याची तार घालून उभी करायला लावली. नेमकी माझ्या ऑक्टोपस वाळवायच्या दोरीशेजारी. मी कुरकुरले. तेव्हा तिनं मला समजावलं. मोठी जहाजं समुद्रात गप्प बसत नाहीत म्हणे. प्रत्येक जहाज सारखं ओरडत असतं, मी अमुक, आत्ता इथं आहे, इतक्या वेगानं चाललोय, माझं तोंड या दिशेला आहे. आपल्या कानांना ते ऐकू येत नाही. तारेला येतं, तार वडीला सांगते, वडी पट्टीला.

मला वाटलं, चला, घरात दुसरी थापाडी आली.

त्या दुपारी मी अंगणात शेंगा सोलत होते. झकिया म्हणाली, वहिनी, एक माल्टाचं जहाज गाबेस बंदराकडं चाललंय, पोटभर लादलेलं. मी किनाऱ्यावर जाऊन पाहिलं. पाणी, पाणी आणि पाणी. परत येऊन तिला चार टोमणे मारले. शेंगा संपल्या, भात चढवला, आणि पुन्हा बाहेर आले तर क्षितिजावर काळा ठिपका. ठिपक्याचं जहाज झालं. पाण्यात खोल बसलेलं, हळूहळू चाललेलं. मी जन्मभर नसलेल्या गोष्टी लोकांना दाखवल्या. ही बाई असलेल्या दाखवत होती, आणि त्या माझ्या गोष्टींपेक्षा मोठ्या होत्या. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तिच्या बोटांखालून, समुद्र चालला होता.

आता त्या सकाळचं सांगते.

वहीदाचे दिवस भरले होते. पहाटे कळा सुरू झाल्या. लस्साद त्याआधीच होडी घेऊन समुद्रातले सापळे उचलायला गेलेला. वाट बघत बसणं शक्य नव्हतं. वहीदाच्या आईनं तिला बेटावरून सुटणाऱ्या पहिल्या जहाजात बसवलं, स्फाक्सच्या दवाखान्यात न्यायला. जहाज निघालं आणि मागोमाग धुकं उतरलं. धुकं म्हणजे असं की कोंबडा अंगणातच हरवला आणि मला हाका मारायला लागला. लाइट गेली. लाइटीबरोबर फोनही गेले.

लस्साद चाचपडत किनाऱ्याला लागला, घरी आला, आणि बायको जागेवर नाही. मी त्याला सगळं सांगतेय तोच बंदराकडून शेजारचा हबीब मोपेडवर आला. तिकडं म्हणे सगळे बोलतायत की जहाज वाळूच्या पट्ट्यावर चढलं. कुणी पाहिलं? कुणीच नाही. बंदरावर विचारलं तर नुसतं "थांबा" म्हणतात.

लस्साद थांबणाऱ्यातला नाही. तडक किनाऱ्यावर गेला आणि होडी पाण्यात ढकलायला लागला. मी मागून पळाले. त्या धुक्यात, मोठ्या जहाजांच्या वाटेवर, ती लाकडाची होडी घेऊन. मला एकच दिसत होतं, एका दिवसात माझी सूनही जायची आणि लेकही. मी सरळ होडीत जाऊन बसले. माझं वजन थोडं नाही, आणि त्या दिवशी मी ते सगळं वापरलं.

"आई, उतर."

मी म्हटलं, आधी आत्याला विचारून ये, मग उतरते.

"आत्याला काय दिसणार?"

"तुला काय दिसतंय?" मी म्हटलं. "तुझे पाय तरी दिसतायत का?"

खरंच दिसत नव्हते. तो धुसफुसत घरात आला, मी त्याचा सदरा धरून मागे.

झकिया टेबलाशी बसली होती. वडीची वायर मोटरसायकलच्या बॅटरीला लावलेली. स्पीकर काढून ठेवला होता, बोलणाऱ्याला भूक जास्त लागते म्हणाली, बॅटरी पुरायला हवी. अंधाऱ्या खोलीत ना दिवा, ना आवाज, नुसती किर्रर्र. तिला सगळं कळलेलं होतं. म्हणाली, जहाज सापडलंय, स्फाक्सच्या बंदराबाहेर आहे.

लस्सादनं विचारलं, चालतंय का?

झकियानं पट्टीवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "नाही. वेग शून्य."

त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. शून्य म्हणजे रुतलं, एवढंच त्यानं ऐकलं. तो वळला तशी झकियानं त्याचं मनगट पकडलं. म्हातारीच्या बोटांत एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"तू मासेमार ना रे? होडी वाळूत रुतली की तिचं नाक फिरतं का?"

"रुतली की रुतली. नाक कसं फिरेल?"

"आणि नांगर टाकून उभी असेल तर?"

तो थांबला. म्हणाला, तर फिरणारच. पाणी ओढेल तशी फिरेल.

झकियानं त्याचं बोट उचललं आणि पट्टीच्या एका टोकाला ठेवलं. म्हणाली, हा वेग, हा हलणार नाही. मग दुसरं बोट पुढं ठेवलं. "हे जहाजाचं नाक कुठं आहे ते. वाचायला येत नाही तरी चालेल. फक्त हलतं का ते बघ."

लस्सादची बोटं मला ठाऊक आहेत. मीठ आणि दोरांनी त्यांची ढेकळं झालीत. त्या ढेकळांना टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका कळणार तरी कसा? आम्ही उभे राहिलो. काही नाही. पुन्हा काही नाही. हबीब दारात काहीतरी पुटपुटला, मी त्याला हातानंच गप्प केलं. मग किर्रर्र झालं, आणि माझ्या लेकाचे खांदे खाली आले.

"हललं," तो म्हणाला. अगदी हळू. "पहिलं तसंच आहे. दुसरं हललं."

पुन्हा किर्रर्र. पुन्हा हललं. तिकडं खाडीपलीकडं, कुणालाच न दिसणाऱ्या धुक्यात, एक भलंमोठं जहाज नांगराच्या साखळीवर हळूहळू मान वळवत होतं, आणि ते माझ्या पोराच्या बोटाला कळत होतं. रुतलेलं नव्हतं. धुकं विरायची वाट बघत उभं होतं. माझी सून त्यात होती.

मी खुर्ची ओढली आणि त्याला बसवलं. तो बोटं काढेना. मी म्हटलं, मला बघू दे. एक बोट मी सरकवलं, त्याच्या बोटाशेजारी, वेगाच्या जागेवर. मला शाळेत कुणी घातलं नाही. अक्षर म्हणजे काय ते मी आयुष्यात कधी हाताला लावून पाहिलं नव्हतं. थंडगार, गुळगुळीत ठिपके. हलत नव्हते. मी बिस्मिल्ला म्हटलं. काय मागावं ते सुचेना, म्हणून नुसतं "हल रे बाबा" म्हटलं.

किती वेळ गेला माहीत नाही. आणि मग माझ्या बोटाखाली एक ठिपका उठला. दुसरा खाली बसला. पिल्लू अंड्यात टोच मारतं तसं. बोटाची कातडी शहारली ती थेट मानेपर्यंत.

मी विचारलं, झकिया, हे काय झालं?

तिनं माझं बोट अलगद बाजूला केलं, स्वतःचं ठेवलं. तिचा चेहरा, काय सांगू, नमाजात असल्यासारखा झाला होता.

"चाललं, वहिनी," ती म्हणाली. "बंदरात शिरतंय."

लस्सादनं टेबलावर डोकं टेकलं. हबीब गावात सांगायला धावला. मी पुन्हा बोट पुढं केलं आणि ठेवून उभी राहिले. ठिपके उठत होते, बसत होते, आणि मी एक शब्दही बोलले नाही.