गुडघ्यांना पन्नास गुण

माझा मुलगा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो आणि स्वतःच्या नाकासमोरचं त्याला काही दिसत नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे, म्हणून इथे बोलायला हरकत नाही. माणसाने घर बदलावं, गाव बदलावं, वेळ आली तर राज्यही बदलावं. पण त्यासाठी चार महिने घरभर डोंगर मांडून बसावं का? जेवायला बसला की डोंगर. अंघोळीला गेला की आतून ओरडणार, "आई, तिथे तळंसुद्धा आहे गं!" मी बाहेरून म्हणायची, "मग अंघोळ तिथेच जाऊन कर. इथलं पाणी तरी वाचेल."

झालं होतं असं. त्याच्या मालकांनी दोन नवी दुकानं काढली, दोन वेगळ्या राज्यांत. दोन्हीकडे ह्याला वरची जागा मिळत होती. कुठे जायचं ते ह्याने ठरवायचं. सूनबाई दाताच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तिचं म्हणणं, दात सगळीकडे किडतात, मला कुठेही काम मिळेल. नात नऊ वर्षांची, तिला आम्ही चिमणी म्हणतो, आणि तिचं मत जन्मापासून बापाच्या खिशात असतं. राहिले मी. खाली माझं शिलाईचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. ह्यांच्या माघारी एकतीस वर्षं ते दुकान मी चालवलं. ह्या भागात मला कुणी नावाने ओळखत नाही, सगळे 'कोटवाल्या बाई' म्हणतात, आणि ते मला आवडतं.

"तू येणारच आहेस," मुलगा म्हणाला. येशील का, असं विचारलं नाही. येणारच आहेस.

त्याला डोंगर का हवा होता, ते मला कळत नव्हतं असं नाही. त्याचं दुकान एका मोठ्या इमारतीच्या तळघरात. खिडकी नाही. दिवसभर वीतभर अंतरावरून दुसऱ्याच्या बुबुळात बघायचं. घरी यावं, तर आमच्या खिडकीतून शेजारच्यांचे पाण्याचे पाइप दिसतात. चार पाइप, त्यातला एक गळका.

"आई, माझी नजर आखडलीय," तो म्हणायचा. "कुठेतरी लांब बघायला मिळायला हवं."

"मग गच्चीवर जा."

"गच्चीवरून काय दिसतं? समोरची गच्ची."

"तिथली बाईही तेच म्हणत असेल."

सूनबाई हसायची आणि त्याच्याच बाजूला जाऊन बसायची. मग दोघं मिळून गुण द्यायचे. पहिलं गाव डोंगराच्या कुशीतलं. जंगलातल्या पायवाटा, तळं, तळ्यात होड्या. दुसरं गाव सपाट, नदीकाठी रुंद फरसबंदी रस्ता, गवत, झाडं रांगेत लावलेली. देखावा, दहापैकी किती? चालायला जागा, दहापैकी किती? सायकल? पोहणं? पक्षी? चिमणीने पक्ष्यांना दहापैकी बारा दिले. बापाने ते चालवूनही घेतले. अशी त्या घरातली परीक्षा.

हे सगळं माझ्या दुकानातल्या खाकी कागदावर चालायचं, आणि त्यातूनच तो घोटाळा झाला. आमच्याकडे एक रीत आहे. कागदावर निळी रेघ म्हणजे कात्री, लाल रेघ म्हणजे शिलाई. ही रीत ह्यांनी घातली, मुलगा त्यातच रांगायला शिकला. तरी ह्या शहाण्याने एका रात्री वकीलबाईंच्या कोटाच्या पाठीच्या कागदावर, बरोबर खालच्या घेराजवळ, त्या डोंगराची कड काढून ठेवली. निळ्या पेन्सिलने. चिमणीला दाखवायला. सकाळी मी कागद कापडावर टाचला आणि कात्री घेतली. हा समोर चहा पीत उभा, मी त्याला बोलतेय, "तुझ्या त्या डोंगराने माझं डोकं उठवलंय," आणि हात चालूच. निळी रेघ दिसली की माझा हात विचारत नाही. कात्री खाली ठेवली तेव्हा वकीलबाईंच्या कोटाच्या पाठीला पाच शिखरं आणि एक खिंड होती.

ह्याने चहाचा कप खाली ठेवला. मग हा वाकून बघतो आणि म्हणतो, "मधलं शिखर माझ्यापेक्षा तुझं बरं आलंय."

मी त्याला पट्टी फेकून मारली. लागली नाही. मुद्दामच नेम चुकवला होता. वकीलबाईंना मी खरं सांगितलं, नवं कापड आणलं, चार दिवस उशीर झाला. त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. "पण बाई, तुम्ही गेलात तर मी कोट कुणाकडे शिवू?" असं त्या जाता जाता म्हणाल्या. तेवढं एक वाक्य माझ्या मनात जाऊन बसलं ते उठेना. तिकडे मला कोण विचारणार? तिकडे मी चष्मेवाल्याची आई. गॅलरीत खुर्ची टाकून बसवलेली.

ठरवण्याआधी दोन्ही गावं बघून यायची, असं सूनबाईने काढलं. आधी डोंगराचं गाव.

आता जे झालं ते जसंच्या तसं सांगते. माझे गुडघे कुरकुरतात, हे खोटं नाही. पायमशीन चालवणाऱ्या कुठल्या बाईचे कुरकुरत नाहीत? पण त्या गावात उतरल्याबरोबर मी त्यांना कामाला लावलं. बसथांब्यापासून खोलीपर्यंत जेमतेम शंभर पावलांचा चढ. मी तीनदा थांबले. "अगं आई गं," म्हटलं. एकदा तर कुणाच्या तरी कुंपणाला धरून उभी राहिले. मुलाचा चेहरा उतरला. त्याने माझी पिशवी घेतली, मग माझा हात घेतला, आणि उरलेल्या वाटेत डोंगराकडे एकदाही पाहिलं नाही. ते माझ्या लक्षात आलं. तरी मी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली. सगळे झोपलेले. खोलीच्या मागून दगडी पायऱ्या वर जात होत्या. मी शाल घेतली आणि सहज म्हणून निघाले. पायऱ्या मोजत गेले, मला टाके मोजायची सवय आहे. दोनशे बारा. मध्ये दोनदा बसले, घाई कुणाला होती? वर पोचले तर खाली धुकं, धुक्याच्या मधोमध तळं, आणि पलीकडे डोंगरामागे डोंगर, मागचा मागचा फिका होत गेलेला. एकच कापड, पण धुण्यागणिक उतरलेला रंग. मी किती वेळ उभी होते ठाऊक नाही. माझी नजर जिथे थांबते असं मला वाटायचं, त्याच्या पुष्कळ पुढे ती गेली होती.

मग मी खाली आले, अंथरुणात शिरले, आणि सगळे उठल्यावर म्हटलं, "मला आज खोलीतच राहू द्या. पाऊल टाकवत नाही."

ते तिघं होडीत गेले. मी खिडकीतून बघत होते. काठावर उतरल्यावर मुलाने चष्मा काढून खिशात ठेवला आणि नुसता उभा राहिला. त्याच्या दोन भुवयांमध्ये एक चुणी आहे, दहा वर्षं मी ती बघतेय. एवढ्या लांबून मला ती दिसणं शक्य नव्हतं. पण त्याचे खांदे दिसत होते, आणि खांद्यांचं मला कळतं. कोट बेतताना मी आधी खांदे बघते. त्या दिवशी त्याचे खांदे दोन बोटं खाली आले होते.

सपाट गावात मी तरातरा चालले. मुलगा खूश झाला. मी मनात म्हटलं, झालं, आता कुठलंच गाव नको असं म्हणेल. डोंगर माझ्यामुळे गेला, सपाट त्याला आवडत नाही. आपण आपल्या दुकानात.

आठवड्याने जेवताना त्याने पाण्याचा पेला बाजूला सरकवला आणि म्हणाला, "ठरलं. नदीकाठचं गाव."

चिमणी ताट सोडून उठली. आतल्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. सूनबाई भात वाढत राहिली, कुणीही मागितला नसताना.

"तिथे आहे काय?" मी विचारलं. "चार महिने डोंगर डोंगर करून माझा जीव खाल्लास, आणि आता त्या परातीसारख्या सपाट गावात जाणार?"

"गुण जास्त पडले, आई."

"दाखव."

"राहू दे ना."

"दाखव म्हटलं ना!"

त्याने खाकी कागद आणला. मी चौथीपर्यंत शिकले, तीही दोनदा. अक्षर अक्षर जोडत वाचते, पण आकडे मला चटकन कळतात. देखावा: डोंगराला दहा, नदीला चार. चालणं: नऊ, पाच. पोहणं, सायकल, पक्षी, सगळीकडे डोंगर पुढे. मग शेवटची ओळ, नंतर लिहिलेली, वेगळ्या शाईत. मी बोट ठेवून वाचली. आईचे गुडघे. पन्नासपैकी. नदीला पन्नास. डोंगराला शून्य.

"पन्नास?" मी म्हटलं. "शाळेत मला सगळ्या विषयांचे मिळून कधी पन्नास पडले नाहीत, आणि तू गुडघ्यांना देतोस?"

सूनबाई खाली बघत म्हणाली, "मी सांगितलं ह्यांना, आईंना एकदा विचारा तरी. ऐकतच नाहीत. तिथल्या बागेच्या ऑफिसात फोन केला होता ह्यांनी. दोन बाकांमध्ये किती पावलांचं अंतर आहे, ते विचारायला."

"तू फोन केलास?" मी मुलाकडे पाहिलं.

"साठ पावलं," तो म्हणाला. "तुला तेवढ्याला जमेल ना?" आणि नेहमीसारखा कपाळ चोळायला लागला, त्या चुणीवर.

मी पुष्कळ भांडणं केली आहेत आणि बहुतेक जिंकली आहेत. गिऱ्हाइकांशी, जाऊबाईंशी, एकदा तर पोस्टमनशी. पण खोटं बोलले असं म्हणायला माझी जीभ तयार नाही, ती तशी घडलेलीच नाही. आत चिमणी नाक ओढत होती. सूनबाईने भाताचं भांडं हातात तसंच धरून ठेवलं होतं. हा माझ्या उत्तराची वाट बघत होता. साठ पावलं जमतील की नाही, एवढ्याचीच.

मी कागदाची घडी घातली आणि माझ्या मांडीखाली ठेवली.

"इकडे बघ," मी म्हटलं. "कपाळ चोळू नकोस, माझ्याकडे बघ. त्या डोंगराच्या गावात, तुम्ही झोपला होतात तेव्हा, मी दोनशे बारा पायऱ्या चढून वर गेले होते. एकटी. आणि उतरून खाली आल्यावर पांघरूण घेऊन कण्हत पडले. कळलं? तोंड मिट, माशी जाईल. मला हे दुकान सोडवत नव्हतं, ते सांगायला लाज वाटली, म्हणून गुडघ्यांना पुढे केलं. ती माझी चूक. पण तुझी माझ्याहून मोठी. आयुष्यभर शिलाईच्या दुकानात वाढलास आणि समोरच्या माणसाला न विचारता माप लिहितोस? त्या गावात मी माणसांचे कोट पाहिले. एकाचीही बाही धड बसलेली नाही. काम पडलंय तिथे माझ्यासाठी. उद्या तुझ्या मालकांना सांग, डोंगराचं गाव. मी खालच्या रस्त्यावर दुकान मांडीन, तू वर जाऊन हवं तेवढं लांब बघ. आणि मला वर यावंसं वाटलं तर मी येईन, नाही वाटलं तर नाही येणार, त्यासाठी बागेच्या ऑफिसात फोन करायचा नाही. माझ्यासाठी तू एवढं सोडायला निघालास, त्याबद्दल मी तुला शिव्याच देणार आहे, दुसरं काही मिळणार नाही. आता जा, त्या पोरीला जेवायला बोलाव. भात गार होतोय."