अक्कांनी घेतलेला ई-रीडर

बनशंकरीतल्या त्या इमारतीत हयवदन पहिल्या मजल्यावर राहत, भाग्यलक्ष्मी तळमजल्यावर. हयवदन विमा कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूतच होतं. घरात मराठी बोलत, पण ती निम्मी कन्नडात भिजलेली आणि स्वयंपाकघरापुरती. भाग्यलक्ष्मी निपाणीकडच्या, मराठी शाळेत शिकलेल्या. जन्मभर हॉस्पिटलात नर्स होत्या. मुलगा अभिजीत इथं नोकरीला लागला तेव्हा त्याच्याबरोबर आल्या, आणि पुढं काचबिंदूनं त्यांची दृष्टी पार गेली.

दुपारची कॉफी झाली की हयवदन खाली येऊन त्यांना पुस्तक वाचून दाखवत. पहिल्या पहिल्यांदा ते पावलोपावली अडखळत.

"अण्णा, चमच्यातला च वेगळा आणि चंद्रातला च वेगळा," भाग्यलक्ष्मी हसून सांगत.

"आमच्याकडं सगळे एकच, अक्का," असं म्हणून ते ओळ पुन्हा वाचत. अशी वर्षं गेली. अक्कांच्या कपाटातली पुस्तकं एकेक करून संपत आली, आणि हयवदनांची जीभ इतकी वळली की निपाणीहून आलेल्या पाहुण्यांनी त्यांना एकदा, आमच्याकडच्या कुठल्या गावचे तुम्ही, असं विचारलं.

यंदा त्यांनी कोकणातल्या एका होडीवाल्या कुटुंबाची जाडजूड जुनी कादंबरी घेतली होती. तिच्यात आप्पा नावाचे थोरले काका वादळात बुडाले तेव्हा अक्कांनी डोळ्यांना पदर लावला होता. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी आप्पा अंगणात बसून चहा पिऊ लागले.

अक्का काही बोलल्या नाहीत. पुढं एका लग्नात नवऱ्यामुलीचं नावच बदललं, तेव्हाही गप्प राहिल्या. संध्याकाळी अभिजीत आला तसं त्याला म्हणाल्या, "अण्णांना दिसत नाही रे. मनानं रचून सांगताहेत. उद्या त्यांना डॉक्टरांकडं ने. मी सांगितलं म्हणू नकोस."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या पडद्याची मधोमध झीज होतेय. इंजेक्शनं घेतली तर आहे ती नजर बऱ्यापैकी टिकेल. अक्षरं मात्र मोठी आणि ठळक हवीत. हयवदनांनी घरी फोनवर अक्षरं मोठी करून पाहिली, पण त्या उजेडानं डोळ्यांतून पाणी यायचं. भिंगातून पाहिलं तर एका वेळी दोनच शब्द दिसायचे.

शनिवारी अभिजीत त्यांना इंदिरानगरातल्या दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं आधी लहान ई-रीडर हातात दिला. किंमत बेताची, वजन काही नाही. पण हयवदनांना वाचता येतील एवढी अक्षरं केली की पानावर चारच ओळी उरत. वाक्य संपायच्या आत पान उलटावं लागे.

मग मोठा आला, शाळेतल्या पाटीएवढा. पडदा छापील कागदासारखा, डोळ्यांवर न येणारा. आतला उजेड पांढरा नको असेल तर पिवळसर करता येई. कडेला पान उलटायची बटणं होती. हयवदन ते यंत्र डोळ्यांजवळ नेत, लांब नेत, आणि एकदम त्यांचे ओठ हलू लागले. ते वाचत होते. आख्खा परिच्छेद कुठंही न थांबता त्यांनी वाचला.

"किती?" त्यांनी विचारलं.

दुकानदारानं आकडा सांगितला. तो चाळीस हजारांच्या वर होता. हयवदनांनी यंत्र अलगद काउंटरवर ठेवलं.

"एवढ्यात दोन कपाटं पुस्तकं येतील."

"काका, ती वाचता यायला नकोत का?" अभिजीत म्हणाला. "मी घेतो. तुम्ही आईसाठी इतकी वर्षं करताय."

"नको रे. त्याचे पैसे होत नसतात. आणि आपलं पुस्तक त्यात मिळणार आहे का? जुनं आहे ते, विचार पाहू."

अभिजीतनं शोधलं. ती कादंबरी ई-पुस्तकात नव्हती. दुकानदार म्हणाला की पानं स्कॅन करून घालता येतील. लहान पडद्यावर स्कॅन केलेलं पान वाचवत नाही, मोठ्यावर जमतं. हयवदनांनी मान हलवली, पण निघाले ते मोकळ्या हातानं.

घरी आल्यावर अभिजीतनं सगळं आईला सांगितलं. फोनवरच्या ॲपनं पुस्तक ऐकायचं त्यांनी आधीच करून पाहिलं होतं. तो आवाज मेट्रोत पुढचं स्टेशन सांगावं तसा वाचे. मध्ये हसू आलं तरी तो थांबत नसे.

"मोठाच आण," त्या म्हणाल्या. "माझ्या पेन्शनीतून."

"काका घेणार नाहीत, आई."

"त्यांना कोण देतंय?"

दोनतीन दिवसांनी हयवदन उगाच चौकशीला म्हणून खाली आले. वाचन बंद पडल्यापासून त्यांना दुपार खायला उठे. टेबलावर ते यंत्र पाहून ते दारातच थबकले.

"अक्का, हे बरं नाही केलंत. मी घेणार नाही."

"तुमचं नाहीच ते. मी माझ्यासाठी घेतलंय."

"तुम्हाला त्याचा काय उपयोग?"

"मला ऐकायचंय, अण्णा. ऐकायला वाचणारा लागतो, आणि वाचणाऱ्याला हे लागतं. यंत्र माझं, माझ्याच घरी राहील. तुम्ही येऊन वापरा. स्वल्प बसा तरी."

हयवदन बसले. खाली मान घालून म्हणाले, "अक्का, मी मध्ये मध्ये पुस्तकात नव्हतं तेही वाचलं."

"आप्पांनी चहा घेतला तेव्हाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही येणं बंद कराल अशी भीती वाटली."

हयवदनांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या टोकानं पुसला. त्या दिवशी घरीच असलेल्या अभिजीतनं रविवारभर बसून कादंबरीची पानं स्कॅन करून ठेवली होती. त्यानं आप्पा बुडाले तिथलं पान काढून दिलं, अक्षरं हवी तेवढी वाढवून दिली. खऱ्या कादंबरीत त्यानंतर आप्पांच्या बायकोनं होडी विकायला नकार दिला होता आणि स्वतः हिशेब हातात घेतला होता. नवऱ्यामुलीचं नावही भलतंच निघालं. अक्का मांडीवर हात ठेवून, मान किंचित तिरकी करून ऐकत राहिल्या.

प्रकरण संपल्यावर हयवदनांनी यंत्र मांडीवर ठेवलं.

"अक्का, एक सांगू? मराठी म्हणजे माझ्या आईची, जेवायला वाढतानाची भाषा, एवढंच मी समजत होतो. ती गेली तशी भाषाही गेली असं वाटलं होतं. तुम्ही मला वाचायला लावलंत. माझे उपकार कसले, तुमचेच आहेत."

"मी आंधळी झाले तेव्हा रोज पुस्तकातल्या नवीन माणसांत नेऊन बसवलंत मला. आता कुणाचं कुणावर ते राहू द्या."

तेवढ्यात वरून हयवदनांची बायको कावेरी त्यांना शोधत आली. दिवेलागण झाली तरी नवरा वर आला नाही म्हणून उतरली होती. तिनं यंत्र हातात घेतलं, वजन पाहिलं, आणि त्यावरची ठळक अक्षरं चष्म्याशिवाय सावकाश जुळवत एक ओळ मोठ्यानं वाचली. लग्नानंतर ती घरात मराठी बोलत आली होती, वाचत मात्र आज पहिल्यांदाच होती.

"कावेरी, बस," अक्का सरकून जागा करत म्हणाल्या. "पुढची ओळही वाच."