ज्या थेंबावर मधमाशी बसली नाही

मित्रांनो, कोलंबिया देशात सुआरेस नदीच्या खोऱ्यात, उसाने झाकलेल्या उतारांच्या मधोमध एक गुऱ्हाळ आहे. त्याच्या कौलारू छपराखाली, काळवंडलेल्या अंगाने जे जुने डिझेल इंजिन उभे आहे, ते मी. माझ्या चाकावरचा पट्टा चरक फिरवतो, चरकातून रस वाहतो, रस काहिलीत आटतो आणि त्याच्या ढेपा होतात. माझे सारे आयुष्य एवढ्यात मावते. परंतु त्यात एक सकाळ अशी आहे, जी तुम्हांस सांगितल्याविना मला स्वस्थता नाही.

दूरदेशीच्या एका कारखान्यात मला घडवले गेले. जहाजातून बंदरात, बंदरातून आगगाडीत आणि शेवटची चढण खेचरांच्या पाठीवरून सुट्या भागांनी, असा माझा प्रवास झाला. ज्या खेचरांनी मला वाहून आणले, तीच तोवर चरक ओढीत होती. कष्टांतून आपली सुटका आपण पाठीवरून आणतो आहोत, हे त्या मुक्या जिवांना कोठून ठाऊक असणार?

गुऱ्हाळाचा धनी एवारिस्तो तेव्हा तरुण होता, नुकताच विवाहित. त्याने माझे भाग एकेक पुसून जोडले. पाद्र्याने पवित्र जल शिंपडले आणि एवारिस्तोची पत्नी रोसाल्बा हिने माझ्या रेडिएटरवर रानफुले ठेवली. रोसाल्बा गावची शिवणकाम करणारी. छपराच्या कडेला, माझ्याजवळ, उजेड चांगला पडत असे. म्हणून ती तिथेच बसून शिवी. माझी धडधड आणि तिच्या मशीनची खडखड अशी वर्षानुवर्षे शेजारी राहिली.

एवारिस्तो रोज मला पुशीत असे. चुलवणात चिपाडांचा जाळ घालणारा हेर्मोहेनेस त्याला छेडल्यावाचून राहत नसे.

"मालक, इतक्या मायेनं बायकोला कधी पुसलंत का?"

"बायकोला तेल लागत नाही रे."

"बायकोला पंचा लागतो," रोसाल्बा मान वर न करता म्हणे. "माझा नवा पांढरा पंचा काल इथूनच गेलाय. कुणाच्या अंगाखाली आहे तो?"

पंचा तेलाने काळा होऊन माझ्याच बैठकीवर पडलेला असे.

मित्रांनो, माणसे वृद्ध होतात तशी यंत्रेही होतात. एवारिस्तोचे हात कापू लागले. माझेही सांधे कोरडे पडले. त्यांची एकुलती कन्या मार्लेन बुकारामांगा शहरात नांदत होती. तिला मुलगी झाली. तिच्यासाठी रोसाल्बा चिमुकली झबली शिवून बसच्या चालकाबरोबर पाठवी आणि पुढचे झबले बेतायला घेताना ते अंदाजाने थोडे मोठे करी, कारण नात केवढी झाली हे पाहायला तिला मिळत नसे. झबल्याच्या बाहीवरून बोट फिरवीत ती किती वेळ बसे, ते मी पाहत होतो.

त्या वर्षी गाळप सुरू होण्यापूर्वी मार्लेन एकटीच आली आणि वडिलांसमोर उभी राहिली.

"बाबा, एक ठरवू या. या हंगामात हे इंजिन मधेच बंद पडलं, तर गुऱ्हाळाला कुलूप. तुम्ही दोघं माझ्याकडे यायचं. कायमचं."

"आणि नाही पडलं तर?"

"तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"कबूल," एवारिस्तो हसून म्हणाला. "याची नाडी मी नाकानं ओळखतो, पोरी."

आणि तेथेच घात झाला. पाण्याचा पंप माझ्या अंगाला जेथे जोडला आहे, तेथे दोन लोखंडांच्या मध्ये कागदासारखी एक पातळ चकती असते. तिला गॅस्केट म्हणतात. ती वाळून भुगा होऊ लागली होती आणि मला थंड ठेवणारे कूलंट थेंबथेंब गळत होते. त्या द्रवाचा वास गोडसर असतो. अन्य कोणत्याही गावी कुणीतरी हुंगून विचारले असते की हे काय. आमच्या गावी मात्र वाराच गोड, भिंती गोड, माणसांचे सदरे गोड. एवारिस्तो खोल श्वास घेई आणि समाधानाने म्हणे, "आज काहील छान लागलीय." खाली पसरलेली चिपाडे ते थेंब मुकाट्याने शोषून घेत.

रेडिएटरचे पाणी कमी होते हे त्याला दिसे. तो वरून भर घाली. काळजीपोटी तो पंपाचे बोल्टही दररोज थोडे अधिक आवळी. त्या प्रेमळ आवळण्याने ती जर्जर चकती आणखीच चिरडत गेली. मला वाचा नव्हती. मी केवळ तापत होतो.

गाळप अर्ध्यावर आले होते. तोडलेल्या उसाचा ढीग अंगणात होता. तो पडून राहिला असता तर आंबला असता. सकाळी रोसाल्बा गुळाचे ऊन पाणी आणि आरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकरी, घेऊन आली. गुऱ्हाळात सर्वत्र मधमाश्या होत्या, नेहमीसारख्या. साच्यांवर, उलथण्यांवर, हेर्मोहेनेसच्या टोपीवर, खुद्द एवारिस्तोच्या मिशीवर. माझ्या पायथ्याशी चिपाडांवर एक ओला डाग होता. तो गोड वासाचा होता आणि त्यावर एकही माशी नव्हती.

रोसाल्बा थबकली. तिने तो डाग पाहिला, मग माझ्या अंगावरून उठणारी वाफ पाहिली, मग पतीकडे पाहिले. ती काही न बोलता पुढे गेली असती, तर थोड्याच वेळात मी कायमचा थांबलो असतो. वचनाप्रमाणे गुऱ्हाळाला कुलूप लागले असते आणि नात तिच्या मांडीवर आली असती. तिच्या हातातल्या भांड्यातले पाणी निवून गेले, तरी ती उभीच होती.

"अहो," ती शेवटी म्हणाली. "हे थांबवा."

"आत्ता? काहील भरलीय."

"याच्याखाली बघा. वास गोड आहे, पण माशी बसत नाही. हा गूळ नव्हे."

एवारिस्तो वाकला. चिपाडे बाजूला करताच बोटांना हिरवट ओल लागली. त्याने मला थांबवले.

हेर्मोहेनेस धावत आला. "काय, पडलं बंद?"

"पडलं नाही," रोसाल्बा म्हणाली. "मी बंद करायला लावलंय. तू तुझा जाळ कमी कर."

तो रेडिएटरचे झाकण उघडायला गेला, तेव्हा एवारिस्तोने त्याचा हात धरला. "तोंड भाजून घ्यायचंय का? निवू दे आधी."

मी निवलो. कूलंट बादलीत काढले गेले आणि रोसाल्बाने बादलीवर फळी ठेवून वर दगड ठेवला, कारण ते विष असते आणि कुत्र्याला त्याची गोडी वाटते. घरात गादीखाली गॅस्केटचा एक जाड कागद जपून ठेवलेला होता, एकच. एवारिस्तो तो कापायला बसला. हात थरथरला आणि भोकापाशी कागद फाटला. अर्धा कागद वाया गेला.

"हे हात आता माझे राहिले नाहीत," तो हळूच म्हणाला.

"सरका. जन्मभर या गावाचे खिसे आणि काजं मीच केलीत. तुम्ही तिकडं खरवडा."

तिने पंपाच्या कडेला तेलातली काजळी फासली, कागद दाबला, आकृती उमटली. शिवणाच्या कात्रीने तिने ती कापली आणि बोल्टची भोके काजांसारखी नेमकी पाडली. तोवर एवारिस्तोने जुन्या चकतीचा चिकटलेला भुगा बोथट पात्याने, लोखंडावर ओरखडा न काढता, स्वच्छ केला. जोडताना मात्र तो पुन्हा एकच बोल्ट जोराने आवळू लागला.

"एकीकडून ओढलं की कापड वाकडं होतं," ती म्हणाली.

तो थांबला. "समोरासमोर. थोडं थोडं. लोकांना मीच शिकवायचो गं हे." आणि त्याने तसेच केले.

मी पुन्हा धडधडू लागलो. दोघेही गुडघ्यांवर बसून कितीतरी वेळ खाली पाहत होते. एक थेंबही आला नाही.

ऊस संपला, शेवटच्या ढेपा बांधल्या जात होत्या, तेव्हा एवारिस्तोने विचारले, "त्या सकाळी गप्प राहिली असतीस, तर आज बाळापाशी असतीस. ठाऊक होतं ना तुला?"

"होतं."

"मग?"

"तुम्ही तिथं खिडकीत बसून याचा आवाज शोधत राहिला असता. हरलेला माणूस घेऊन मला लेकीच्या दारात जायचं नव्हतं."

त्याने हातातली ढेप खाली ठेवली. मग म्हणाला, "न हरलेला घेऊन चल. पुढच्या तोडीपर्यंत राहू. हेर्मोहेनेस आहे इथं बघायला."

मित्रांनो, तुमच्या घरी मुकाट्याने राबणारे कुणी असेल, यंत्र असो वा माणूस, तर त्याच्याजवळून जाताना एकदा वाकून पाहा. सारे काही गोड आहे असे वाटत असेल, तेव्हा तर अवश्य पाहा. आणि काळजी वाटली म्हणून उगाच आवळू नका.

आता छपराखाली शांतता आहे. जाण्यापूर्वी एवारिस्तोने मला पुसले आणि रोसाल्बाने शिवलेली गोणपाटाची खोळ घातली. मग त्याने तिच्यापुढे हात पसरला. तिने ट्रंकेतून एक नवा पांढरा पंचा काढून दिला. तो त्याने माझ्याखाली नीट अंथरला, थेंब पडलाच तर हेर्मोहेनेसला लगेच दिसावा म्हणून.

हेर्मोहेनेस रोज येऊन पाहतो. पंचा अजून कोरडा आहे.