कधीच नाही, कधी कधी, नेहमी

पेशंट बाईंनी 'कधी कधी' म्हणायला तोंड उघडलं आणि उत्तराच्या आधी सकाळचा चहा बाहेर आला. थेट प्रश्नावलीवर. प्रश्न होता, 'चक्कर येण्याआधी तुम्हाला मळमळतं का?'

"हे 'नेहमी'त धरायचं का हो, प्रश्नमास्तर?" बाईंच्या नवऱ्यानं रुमाल शोधत विचारलं.

उत्तर द्यायला प्रश्नमास्तर जागेवर नव्हता. खुर्ची उलथवून तो खिडकीशी पोचला होता आणि गजांमधून नाक बाहेर काढून मिळेल ती हवा ओढत होता.

त्याचं मुळातच असं होतं. दुसऱ्याची ओकारी बघणं सोडाच, नुसता आवाज कानावर आला तरी त्याच्या पोटात ढवळायचं. मोरीच्या जाळीत केसांचा गुंता दिसला की त्या दिवशीचं जेवण बंद. अशा माणसाला नशिबानं नोकरी दिली ती कान-नाक-घशाच्या दवाखान्यात, आणि त्यातही चक्करच्या विभागात. तिथं बाहेर खुर्च्यांची रांग होती आणि प्रत्येक खुर्चीखाली एक निळी बादली. रोज सकाळी तो पाणबुड्यासारखा श्वास कोंडून त्या रांगेतून आत जायचा आणि टेबलापाशी पोचल्यावर वर यायचा.

काम तसं सोपं होतं. आतल्या कानात बिघाड झाला की माणसाचा तोल जातो, भिंती फिरायला लागतात, पोट वर येतं. हा त्रास किती आहे ते मोजणारी एक परदेशी प्रश्नावली मोठ्या डॉक्टरांनी आपल्या भाषेत आणली होती. ती खरोखर चालते हे आता सिद्ध करायचं होतं. पद्धत अशी, की पेशंटला सगळे प्रश्न एकदा विचारायचे आणि दोन आठवड्यांनी तेच पुन्हा विचारायचे. आजार तोच असेल तर उत्तरंही तीच यायला हवीत. आली, तर प्रश्नावली भरवशाची. नाही आली, तर पेशंट भरवशाचा नाही, असं मोठे डॉक्टर म्हणायचे. विचारणारा दोन्ही वेळा एकच हवा. त्यानं सपाट आवाजात वाचायचं, काही समजावून सांगायचं नाही, मागचं उत्तर आठवून द्यायचं नाही. पेशंटनं फक्त तीन उत्तरांतलं एक निवडायचं: कधीच नाही, कधी कधी, नेहमी.

मूळ प्रश्नावली ज्या देशातली होती तिथले आजारी लोक सुट्टीत समुद्रावर जात असावेत. त्यामुळे अकरावा प्रश्न होता, 'शिडाच्या होडीत बसल्यावर तुमचा तोल जातो का?'

"होडी कुठं बांधलीय ते दाखवा," एक आजीबाई म्हणाल्या होत्या, "बसून सांगते."

"आजी, उत्तर या तीनपैकीच द्यायचं असतं."

"मग लिहा कधीच नाही. होडीनं मला कधीच त्रास दिला नाही. त्रास दिला तो सुनेनं."

खरी पंचाईत माणसं मिळण्याची होती. पहिल्यांदा यायचे ते दुसऱ्यांदा यायचेच नाहीत. ज्यांना बरं वाटलं ते कशाला येतील, आणि ज्यांना बरं वाटलं नाही ते दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेले असत. मोठे डॉक्टर हैराण झाले होते. हैराण झाले की ते गाडीच्या किल्लीनं कान कोरत. कानाचे एवढे मोठे डॉक्टर, पण स्वतःच्या कानाला किल्लीच. कोरून झालं की किल्लीचं टोक उजेडात धरून बघायचे, आणि प्रश्नमास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा.

"तुझ्या घरी नाही का कुणाला चक्कर येत?" त्यांनी एके दिवशी किल्ली बघता बघता विचारलं.

नाही म्हणायचं होतं. पण लक्ष किल्लीकडे होतं. "वडिलांना येते," तो बोलून गेला.

"अरे, मग आण की! घरात खजिना ठेवून बाहेर भीक मागतोय."

खजिना आला. धुतलेला शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, एक हात भिंतीवर. बाबांनी उभा जन्म लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या आणि संडासांचे पाइप मोकळे करण्यात घालवला होता. दुसरे प्लंबर नळ बसवायला जायचे. जिथं कुणी हात घालत नसे तिथं बाबांना बोलावणं यायचं. बाहीला कोपरापर्यंत घडी घालायचे, आणि 'अडलंय कुठं' असं पाइपालाच विचारत हात आत सोडायचे. घरी आल्यावर आधी आंघोळ, मग पोराला जवळ घेणं. तरी पोरगा नाक मुरडायचा. मग बाबा हसत हसत पुन्हा मोरीत जायचे, पुन्हा साबण लावायचे. पोरगा मोठा झाला तसं जवळ घेणं आपसूक थांबलं आणि साबण तेवढा वाचायला लागला.

"बसा," प्रश्नमास्तर म्हणाला. घरी तो बाबांना अरे-तुरेच करायचा, पण कागदावर 'तुम्ही' होतं.

"बसतो, साहेब," बाबा मिस्किलपणे म्हणाले.

सगळं सुरळीत चाललं होतं. होडीला बाबा 'कधीच नाही' म्हणाले. मग विसावा प्रश्न आला. प्रश्नमास्तरानं तो आजवर शेकडो लोकांना विचारला होता, डोळे कागदावरून न उचलता. त्याच सपाट आवाजात त्यानं वाचलं, "तुमच्या त्रासाची घरच्या माणसांना किळस येते, असं तुम्हाला वाटतं का?"

"छे!" बाबा म्हणाले. "कधीच नाही."

इतक्या पटकन म्हणाले, की त्याला बरं वाटलं. खूण करताना त्याच्या मनात आलं, की आपण उगाच स्वतःला वाईट समजतो.

नंतरच्या आठवड्यात त्याची बायको माहेरी गेली. बाबांना चक्करचा झटका आला की बादली, पाणी, पुसणं हे सगळं ती करायची. प्रश्नमास्तर त्या वेळी नेमका दूध आणायला जायचा. त्यांच्या घरी दूध फार लागतं, असं दुकानदाराचं मत झालं होतं.

एका संध्याकाळी दोघं जेवायला बसले होते. बाबांनी घास उचलला, थांबले, ताटाची कड घट्ट धरली. "खोली फिरली रे," म्हणाले. आणि बादली आणायला त्यानं उठायच्या आतच झालं. ताटात, मांडीवर, पाण्याच्या तांब्यावर. थोडं त्याच्या पायावरही उडालं.

"शी!" तो ओरडला. "शी, बाबा! घाण!"

आणि तो पळाला. चप्पल न घालता, दार सताड उघडं टाकून, जिन्याच्या वळणापर्यंत. तिथं कठड्यावर डोकं टेकून उभा राहिला. पोट शांत झाल्यावर तो परत आला, पण उंबऱ्याबाहेरच थांबला. आत बाबा गुडघ्यांवर होते. खोली अजून फिरत असणार, कारण डावा हात त्यांनी भिंतीला टेकून धरला होता. उजव्या हातानं ते फरशी पुसत होते. बाहीला कोपरापर्यंत घडी घातलेली. काम माहितीचं असल्यासारखे कडेकडून मध्याकडे येत होते. एकदा भिंतीवरचा हात घसरला आणि ते त्यातच कोपरावर पडले. उठले. परत पुसायला लागले.

त्यानं आत पाऊल टाकायला हवं होतं. त्याला ते समजतही होतं. पण नाकाला वास आला आणि पाय तिथंच राहिले. त्याला बापाची किळस आली, आणि त्याहून जास्त त्या पायांची.

"झालंच," बाबा वळून न बघता म्हणाले. "तू थांब जरा बाहेर. फरशी ओली आहे."

दुसऱ्या फेरीला बाबा वेळेवर हजर झाले. शर्ट तोच, इस्त्री नवी.

"बाबांना दुसऱ्या कुणाला विचारू द्या," आदल्या दिवशी तो मोठ्या डॉक्टरांना म्हणाला होता.

"नियम आहे," डॉक्टर म्हणाले होते. "माणूस बदलला तर उत्तर बदलतं."

प्रश्न सुरू झाले. बाबा मागच्यासारखीच उत्तरं देत होते, होडीसकट. विसावा आला. तो पाणी प्यायला, मग त्यानं वाचलं. सपाट वाचायचा फार प्रयत्न केला.

बाबा पुढे झुकले. "मागच्या वेळी काय म्हणालो होतो मी?"

"ते सांगता येत नाही."

"सारखंच यावं लागतं ना? नाहीतर तुला बोलतील?"

"मला कोण बोलणार! तुम्हाला... तुला जे वाटतं ते सांग."

बाहेर एक बादली सरकल्याचा आवाज आला. मग बाबांनी कागदाकडे बोट केलं. "ते मधलं आहे ना, काय ते?"

"कधी कधी."

"हां. ते लिही." आणि घाईघाईनं पुढे म्हणाले, "म्हणजे फार नाही. माणूस आहे, येणारच. मला स्वतःलाच येते."

शेवटचा प्रश्न ठरलेला होता: गेल्या दोन आठवड्यांत तुमच्यात काही बदल झाला आहे का?

"माझ्यात?" बाबा म्हणाले. "माझ्यात नाही."

बाबांचा कागद हाती येताच मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांची उत्तरं शेजारी शेजारी मांडली. प्रश्नमास्तर समोर उभा होता.

"हा विसावा बघ. एकाचाही धड जुळत नाही! सून शेजारी असेल तर 'कधीच नाही', एकटा असेल तर 'नेहमी'. डळमळीत प्रश्न. काढून टाक." त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली. "आणि हा अकरावा बघ. शंभर टक्के जुळतो. सगळे दोन्ही वेळा 'कधीच नाही'. याला म्हणतात प्रश्न!"

"सर, होडी कुणी पाहिलेलीच नाही. विसावा राहू द्या ना. तोच एक..."

"तोच एक काय?"

किल्ली कानात होती. प्रश्नमास्तरानं या वेळी कॅलेंडरकडे बघितलं नाही. "खरा आहे, सर."

"खरा असून काय करायचं? जुळत नाही." डॉक्टरांनी किल्लीचं टोक उजेडात धरलं.

बाबा बाहेर खुर्चीवर थांबले होते. "काय रे, पास का?"

"तू पास. एक प्रश्न नापास झाला, काढला त्यांनी."

"कुठला?"

"होडीचा."

"वाटलंच," बाबा खूश होऊन म्हणाले. "काहीतरीच विचारत होते."

रस्त्यावर येऊन थोडं चालले असतील, बाबा एका खांबाला धरून थांबले. त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि मागच्या मागे हात वर केला: तिथंच थांब. मग खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. फारसा आवाज केला नाही. झाल्यावर पिशवीचं तोंड पिळलं, गाठ मारली, वर आणखी एक गाठ मारली. जवळपास कचऱ्याचा डबा नव्हता.

"चल," म्हणाले.

पिशवी त्यांच्या डाव्या हातात होती, तो उजवीकडून चालत होता. काही पावलांनंतर तो मागून वळसा घालून डावीकडे आला आणि पिशवीसाठी हात पुढे केला. बाबांनी ती उजव्या हातात घेतली. तो उजवीकडे आला. बाबांनी ती डाव्या हातात घेतली.