दहा क्विंटल पाणी

हरिओमनं वेल्डिंगची छोटी मशीन घरी आणली, तेव्हापासून देऊळघाटच्या त्या घरात लोखंडाला उसंत नव्हती. आधी कुंड्यांचा स्टँड झाला, मग कोंबड्यांचा पिंजरा. दोन्ही बरे जमले, शेजाऱ्यांनी तोंडभर कौतुक केलं आणि गडी हवेत गेला. त्यानं पाण्याच्या टाकीचा स्टँड करायला घेतला.

टाकी हजार लिटरची. स्टँड डोक्याच्याही वर, आणि बरोबर त्याच्याखाली धुण्याचा दगड. तिथं त्याची आई, सरस्वतीबाई, रोज सकाळी कपडे धुवायला बसायची.

स्टँड उभा राहिल्यावर हरिओमच्या बायकोनं, संजीवनीनं, त्याचे पाय निरखून पाहिले. कुंड्यांच्या स्टँडातून उरलेला तोच पातळ चौकोनी पाइप. वेल्डिंग करताना जागोजागी भोकं पडली होती, ती वरून लोखंडाचा थर चढवून बुजवलेली.

"हा पाइप टाकीचा नाही वाटत मले," ती म्हणाली. "अँगल आणा ना जाड."

"पुलाले वापरतात तो वेल्डिंगचा रॉड आणला म्या. जोड तुटणार नाही."

"जोडाचं कोण म्हणून राह्यलं? मलमल जाड दोऱ्यानं शिवली तर टाका तुटत नाही, बाजूचं कापड फाटते. हजार लिटर म्हणजे दहा क्विंटल. दहा क्विंटल सोयाबीन ठेवसान काय या पाइपावर?"

शेजारचा गोविंदा तिथंच उभा होता. त्याच्याकडे बघत हरिओम हसला. "घ्या. ब्लाउज शिवता शिवता आता लोखंडबी शिवाले निघाली."

गोविंदाही हसला. संजीवनीची कानशिलं तापली. तिचं शिलाईचं काम चेष्टेचं झालं याचा राग होताच, पण दहा क्विंटलचं उत्तर कुणीच दिलं नाही याचा त्याहून जास्त होता. सासरे रंगराव खाटेवरून म्हणाले, "पोरानं मेहनत केली. कायले नाट लावते बाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिओमनं टाकी वर चढवली आणि मोटर सुरू केली. संजीवनी बाहेर आली, तर सरस्वतीबाई कपड्यांची बादली घेऊन दगडावर बसलेल्या.

"आई, उठा तिथून."

"माह्या लेकानं केलं आहे. मी नाही बसणार तं कोण बसन?"

हरिओम कौतुकानं आईकडे बघत होता. संजीवनीनं तडक जाऊन मोटर बंद केली आणि बटणापुढे उभी राहिली.

"तुम्ही बसा त्या दगडावर," ती नवऱ्याला म्हणाली. "मंग मी सुरू करतो."

"येडी झाली काय?"

"पाइप मजबूत आहे ना? बसा."

हरिओम दोन पावलं पुढे गेला. त्यानं वर बघितलं. बुजवलेल्या भोकांवर त्याची नजर थांबली. "मले बाजारात जायचं आहे," तो म्हणाला.

संजीवनीच्या अंगाची लाही लाही झाली. आत्तापर्यंत तिला वाटत होतं, याला कळत नाही. "सोता बसाले काम आठवते," ती म्हणाली, "अन् आईले बसू देता?"

सरस्वतीबाई उठल्या आणि ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. हरिओमही बाजारात न जाता तिथंच थांबला. अंगण रिकामं झाल्यावरच संजीवनीनं मोटर लावली. टाकी अर्ध्याच्या वर गेली असेल नसेल, एक पाय जोडाच्या खाली मुडपला. जोड शाबूत होता. टाकी कलंडली, भिंतीला घासत खाली आली आणि दगडावर आपटून फुटली. पाणी ओसरीपर्यंत आलं.

"पाइपच खराब निघाला," हरिओम पुटपुटला.

"पाइप कुंड्यांचा होता," संजीवनी म्हणाली. "कुंड्या अजून उभ्या आहेत त्याच्यावर."

सरस्वतीबाईंनी लेकाकडे बघितलं. "तुले माहीत होतं काय रे?"

हरिओम खाली मान घालून टाकीचे तुकडे उचलायला लागला. रंगरावांनीही मान खाली घातली.

आठवड्याभरात बुलढाण्याहून जाड अँगल आणि नवी टाकी आली. हरिओमनं नवा स्टँड केला, पायांना तिरपे आधार दिले आणि टाकी भरायच्या आधी स्वतः खालून वर चढून सगळा हलवून पाहिला. पुढे गोविंदा पोरीसाठी झोका करून मागायला आला, तेव्हा हरिओमनं आधी विचारलं, "किती जण बसतीन त्याच्यावर?"

संजीवनीनं ते घरातून ऐकलं. तिचा राग काही उतरला नव्हता. तरी ती दारात आली आणि म्हणाली, "मोठ्या माणसाचं वजन धरा. पोरं एकटी बसत नसतात."

"हाव," हरिओम म्हणाला, आणि गोविंदा या वेळी हसला नाही.